'वी आर ग्रँड'वर विसंबू नका

कॅसलबार, काउंटी मेयो, आयर्लंड
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तुम्ही सिडनीत, वहिनींचा जीव इथे आयर्लंडात आईवडिलांपाशी अडकलेला, आणि दर फोनला पलीकडून 'वी आर ग्रँड' (आम्ही मजेत आहोत) याखेरीज काही हाती लागत नाही, हे वाचून वाईट वाटलं. इथल्या खेड्यात ताप असला तरी ग्रँड आणि गुडघा सुजला तरी ग्रँडच. पोरीच्या जिवाला घोर नको, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा 'कशा आहात?' हे विचारूच नका. एका शब्दात उत्तर देता येणार नाही असं काहीतरी विचारा.

काल रेंज किती वाजता पेटवली? (स्वयंपाकघरातली ती जाड लोखंडी चूल. बऱ्याच जुन्या घरांत रेडिएटरही तिच्यावरच तापतात.) नोव्हेंबरात दुपारपर्यंत ती थंडगार असेल, तर बाहेरच्या शेडमधून टर्फ (चुलीत जाळायची वाळवलेली पीट माती) आणणं झेपत नाही, नाहीतर पैसे वाचवणं चाललंय. जेवायला काय केलं होतं, बटाटे कोणी सोलले, काल दारात कोण येऊन गेलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचं कुणाच्या मयताला गेला होतात? मेयोतला म्हातारा माणूस अंत्यविधी सहसा चुकवत नाही. लागोपाठ दोन चुकले असतील तर गाडी चालवणं, चालणं किंवा मन, यांपैकी काहीतरी बिनसलंय असं धरून चला.

यासाठी वहिनींनी फोनच्या आदल्या दिवशी 'आरआयपी डॉट आयई' या संकेतस्थळावर मेयोतल्या मृत्यूच्या सूचना पाहून ठेवाव्यात. मिडवेस्ट या इथल्या स्थानिक रेडिओवरही त्या वाचतात, आणि ते सिडनीत इंटरनेटवर ऐकता येतं. कोण गेलं हे आधीच ठाऊक असलं की बोलणं आपोआप लांबतं. इथे माणूस गेल्यावर दोन-तीन दिवसांत दफन होतं, सिडनीहून पोचणं अवघडच. पण बऱ्याच चर्चमध्ये आता कॅमेरा असतो. रविवारचा मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थनासभा, तीही त्यावर दिसते. आईवडील ठरलेल्या बाकावर आहेत का, कम्युनियनला (वेदीपाशी प्रसाद घ्यायला) जाताना बाकांच्या कडा धरत जातात का, हे तिथे जितकं कळतं तितकं फोनवर कळत नाही. फक्त 'मी बघत असते' हे त्यांना आधी सांगून ठेवावं.

सासऱ्यांचं म्हणशील तर इथले बाप फोन उचलतात आणि 'थांब, आईला देतो' म्हणून मोकळे होतात. त्यांना गुरांच्या बाजारातला भाव विचार, नाहीतर मेयोच्या फुटबॉलबद्दल विचार. मेयोने ऑल-आयर्लंड, म्हणजे गेलिक फुटबॉलचं देशाचं अजिंक्यपद, शेवटचं १९५१ साली जिंकलं, त्यामुळे हा विषय संपत नाही. फोन चालू ठेवून सामना एकत्र बघायचा असेल तर एक लक्षात ठेव, इंटरनेटवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या मागे असतं. सासरे ओरडतील आणि तुमच्याकडे गोल नंतर दिसेल.

टॅबलेट पाठवलास ते चांगलं केलंस, पण तो खोक्यात पडून राहिला तर काय उपयोग? ड्रेसरवर, म्हणजे कपबशांच्या त्या उभ्या कपाटावर, स्टँडमध्ये कायमचा ठेवायला सांग आणि चार्जर लावूनच ठेवू दे. खिडकी बाजूला हवी. पाठीमागे असली तर चेहरा काळा दिसतो. तुम्हीही उजेडात बसा. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. स, फ, त यांचा गोंधळ होतो. ओठ दिसले की निम्मं काम होतं. ओरडण्यापेक्षा सावकाश बोलणं बरं. आणि 'हाय मॅम (म्हणजे आई), फोन हरवला, हा माझा नवा नंबर' असे लुबाडणुकीचे मेसेज इथे सर्रास येतात. घरात एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवा, उदाहरणार्थ वहिनींच्या लहानपणीच्या कुत्र्याचं नाव. तो विचारल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.

आता वादळाचं. यंदा २४ जानेवारीला एओविन वादळ आलं तेव्हा गॉलवेच्या किनाऱ्यावरच्या मेस हेडला ताशी १८३ किलोमीटर वेगाची नोंद झाली, ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली, आणि पश्चिमेकडे काही घरांत ती दोन आठवड्यांनंतरही आली नव्हती. पूर्वीच्या तांब्याच्या तारेचा साधा फोन वीज नसतानाही चालायचा. आता फोन फायबरच्या मोडेमवर चालतो, म्हणजे वीज गेली की तोही गेला. मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही काही तासच टिकते. मोडेमच्या अडॅप्टरवरचं व्होल्टेज बघून (बहुधा १२ असतं) तेवढ्याच व्होल्टेजचा छोटा यूपीएस घ्या. बॅटरीवरचा रेडिओ आणि पॉवर बँक घरात हवीच.

आता गळ्यातल्या अलार्मचं, म्हणजे पडलं-झडलं तर मदत मागवायच्या बटणाचं. पासष्टीपुढच्यांना सीनियर्स अलर्ट योजनेतून तो मिळतो, अर्ज गावातली संस्था भरून देते. उपकरण फुकट, देखरेखीचं शुल्क पहिल्या वर्षानंतर आपण भरायचं. बटण दाबलं की केंद्रातला माणूस बोलतो, आणि उत्तर आलं नाही तर यादीतल्या लोकांना फोन करतो. त्या यादीत सिडनीचा नंबर पहिला घालू नका. दहा मिनिटांत पोचणारा, घराची किल्ली असलेला शेजारी पहिला हवा. हमखास होणारी चूक म्हणजे आंघोळीला जाताना तो काढून खिळ्याला अडकवणं. पडायची भीती न्हाणीघरातच जास्त! पाणी लागलेलं चालतं का हे एकदा विचारून घ्या, आणि चालत असेल तर अंगावरच ठेवायला सांगा.

फोन उचलला गेला नाही तर काय करायचं हे आत्ताच कागदावर लिहून ठेवा. सिडनीतून ११२ किंवा ९९९ फिरवून इथली अँब्युलन्स मिळत नाही. आधी किल्लीवाला शेजारी, मग दुसरा शेजारी, मग गावच्या गार्डा (पोलीस) ठाण्याचा नंबर, सगळे +३५३ लावून आणि सुरुवातीचं शून्य गाळून. सोबत घराचा एअरकोड, ती सात अक्षर-अंकांची खूण. एका टाउनलँडमध्ये (वाडीत) एकाच आडनावाची चार घरं असतात आणि दारावर क्रमांक नसतो, त्यामुळे अँब्युलन्सला एअरकोडच घरापर्यंत नेतो. तोच कागद त्यांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवा.

कागदपत्रांत दोन गोष्टी टाळू नका. पहिली, आईवडिलांनी आपल्या डॉक्टरला लेखी संमती द्यावी की मुलीशी बोललात तरी चालेल. नाहीतर तो फोनवर काही सांगणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दुसरी म्हणजे एंड्युअरिंग पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे पुढे समज गेली तर आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे हे आधीच ठरवणारा दस्त. 'नेक्स्ट ऑफ किन' (सगळ्यात जवळचा नातेवाईक) म्हणजे सगळे अधिकार आले, असं इथे जवळजवळ प्रत्येकजण समजतो. कायद्यात तसं नाही. २६ एप्रिल २०२३ पासून हे काम डिसिजन सपोर्ट सर्व्हिस या सरकारी यंत्रणेकडे आहे. वकिलाचं आणि डॉक्टरसारख्या आरोग्यव्यावसायिकाचं निवेदन लागतं, आणि मुख्य म्हणजे माणसाची समज शाबूत असतानाच ते करावं लागतं. विसरभोळेपणा वाढल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. वहिनींबरोबर आयर्लंडात राहणाऱ्या एखाद्या भावंडाचं नावही घाला.

भेटीला फक्त ख्रिसमसला येऊ नका. तेव्हा घर झाडून पुसून, रेंज धगधगत, फ्रीज भरलेला असतो. फेब्रुवारीत दहा दिवस या, म्हणजे रोजचं घर दिसेल. पब्लिक हेल्थ नर्सला (भागातल्या सरकारी परिचारिकेला) तेव्हाच भेटून घ्या. घरकाम-अंघोळीच्या मदतीचे तास तिच्यामार्फत मागता येतात आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

फोनची वेळ मात्र इथल्या घड्याळाला बांधा. तुम्ही रविवारी रात्री आठ धरता, ते इथे आत्ता सकाळचे नऊ आहेत, पण जूनमध्ये अकरा होतात, म्हणजे ऐन मासच्या वेळेला. इथले साडेनऊ पक्के करा. सध्या ११ तासांचा फरक आहे, म्हणून तुमच्याकडे साडेआठ. २९ मार्चला इथलं घड्याळ पुढे जाईल, तेव्हा साडेसात. ५ एप्रिलला तुमचं मागे येईल आणि फरक नऊ तासांचा होईल. त्या दिवशी ईस्टर आहे, सासूबाई फोनपाशी बसून असतील. संध्याकाळी साडेसहाला लावा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र