तीनशे तासाची कॉर्ड अन् दहा दिवसाची रिटर्न पॉलिसी : पैसे परत करण्याबाबत

प्रति,
मॅनेजर साहेब, ग्राहक तक्रार विभाग

विषय : स्पीकरच्या दोन पॉवर कॉर्ड (भिंतीवरच्या बोर्डातून स्पीकरला लाइट देणाऱ्या वायरी), एकूण रुपये २७,०००, जाहिरातीत सांगितल्यासारखं काहीच झालं नाही, अन् अर्थिंगची पिन लागत नाही ती वेगळीच भानगड.

नमस्कार साहेब,

आधीच सांगतो, मी काही भांडायला लिहून नाही राह्यलो. चार वेळा फोन केला, चारही वेळा वेगळी ताई बोलली, प्रत्येकीला पहिल्यापासून सगळी रामकहाणी सांगावी लागली, म्हणून आता लिहूनच देतो, एकदाच काय ते वाचून घ्या.

माझं आर्वी तालुक्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळून येतात त्या भरून देतो, तीस वर्षं झाली. गाण्याचा नाद आहे. नागपूरच्या एका रिटायर डॉक्टरांकडून मी सेकंड हँड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची जोडी घेतली, दरवाजाएवढे उंच, गावातले लोक पाहायला येतात अन् विचारतात की भाऊ हे हीटर आहे का कूलर. पण त्यावर वसंतराव देशपांडे लावा, आमच्या इकडचेच ना ते, मूर्तिजापूरचे, तानपुरा असा उभा राहतो समोर की तारेवरचं बोट दिसल्यासारखं वाटते. असा आवाज साध्या कोनच्या स्पीकरातून मी तरी ऐकला नव्हता.

फक्त त्यातून थोडी घरघर अन् चरचर यायची. तर मे महिन्यात तुमची जाहिरात पाहिली, फोन केला, तुमच्या सेल्सवाल्या साहेबांनी अर्धा तास समजावलं की काका, इलेक्ट्रोस्टॅटिकला तर पॉवर कॉर्डचा फरक सगळ्यात जास्त पडतो कारण ते थेट विजेवर चालतात, बेस खोल जाईल, आवाज खुलेल, बॅकग्राउंड एकदम काळंकुट्ट होईल. आमच्याकडं बॅकग्राउंड तसंही रोज रात्री काळंकुट्ट होते, लाइट गेली की. पण मी भुललो. वाइंडिंगवाला माणूस, आयुष्य तांब्याच्या तारेत गेलं, अन् तारेतच फसलो. सत्तावीस हजार म्हणजे पाच एचपीच्या किती मोटारी होतात ते तुमच्या अकाउंटवाल्याला विचारू नका, मला विचारा.

कॉर्ड आली. मखमलीच्या थैलीत, अंगठ्याएवढी जाड, जाळीचं निळं कव्हर. लावली. आता खोटं कशाला बोलू, पहिल्या रात्री मलाही वाटलं की हो, फरक आहे. बायकोला हाक मारून बसवलं, तीही म्हणाली छान आहे (ती नेहमीच छान म्हणते, तिला लवकर झोपायचं असते). पण त्या रात्री पाऊस पडून गेला होता, शेजारची पिठाची चक्की बंद होती, कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती, अन् मी आवाज रोजच्यापेक्षा थोडा वाढवलेला होता हे मला दुसऱ्या दिवशी नॉब पाहून कळलं.

चार दिवसांनी फोन केला की साहेब काही विशेष वाटत नाही, तर उत्तर काय, की कॉर्डला तीनशे तास चालू द्या, ती "बसते", मग आवाज खुलतो. बरं. मग बिलाच्या मागं वाचलं तर माल परत घ्यायची मुदत दहा दिवस. दहा दिवसाचे तास होतात दोनशे चाळीस. म्हणजे रात्रंदिवस एक मिनिट बंद न करता चालवली तरी तुमची कॉर्ड बसायच्या आधी तुमची मुदत उठते! अन् आमच्या गावात लाइट किती तास असते हे तुम्ही इथं येऊन राहून पाहा, जेवणखाण माझ्याकडं. तांब्याची तार तापते, जळते, तिचं इनॅमल उडते, हे सगळं मी रोज पाहतो, पण ती गाणं शिकते असं तीस वर्षांत एकदाही नाही पाह्यलं.

मग मी काय केलं ते नीट वाचा. माझा पुतण्या बारावीला आहे, त्याला म्हटलं की बाबू, तू मागं राहा, मी समोर बसतो, मध्ये चादर बांधतो, तू कधी नवी कॉर्ड लाव कधी जुनी, दोन्ही स्पीकरला सारखीच, मला सांगू नको, वहीत लिहून ठेव. अँप्लिफायरला हात लावायचा नाही, आवाज तेवढाच, गाण्याचा तोच मिनिटभराचा तुकडा. असं वीस वेळा केलं. मी माझ्या कागदावर नवी-जुनी लिहीत गेलो अन् सोबत शेरेही लिहिले, तुमच्या जाहिरातीसारखे, "तानपुरा मोकळा", "बेस भरीव" वगैरे.

नंतर दोन्ही कागद जुळवले तर सातव्या अन् चौदाव्या नंबरवर त्यानं नुसती फुली मारलेली. मी म्हटलं हे काय रे. तर दात काढून म्हणते कसा, "काका, तवा तं म्या कॉर्ड लावलीच नोती." म्हणजे दोन्ही वेळा स्पीकरला कॉर्डच नव्हती, वायर जमिनीवर पडलेली, अन् माझ्या कागदावर सातव्या नंबरला माझ्याच अक्षरात काय लिहिलेलं, "नवी, एकदम मोकळा आवाज". उरलेल्या अठरात माझे दहा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढेच आले असते.

पोराला आधी रागावलो, मग चहा पाजला. त्याला वाटलं होतं की आवाज बंद होईल अन् त्याची चोरी पकडली जाईल. आवाज बंदच झाला नाही. तर आम्ही दोघांनी मग मुद्दाम दोन्ही कॉर्ड काढून गाणं चालू ठेवलं, चहा होऊन कप रिकामा होईपर्यंत गाणं चालूच, मग हळूहळू आवाज बसत गेला. पावसाळ्याची दमट हवा असून हे.

आता असं का होते ते तुमच्या सेल्सवाल्या साहेबांना समजावून सांगा, माझ्याकडून फुकट. या स्पीकरात प्लॅस्टिकची फिल्म असते, केसापेक्षा कितीतरी पातळ, तिच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेले पत्रे. फिल्मवर काही हजार व्होल्टचा डीसी चार्ज बसवून ठेवलेला असतो. १९५७ साली इंग्लंडच्या क्वाड कंपनीच्या पीटर वॉकरनं असा पहिला पूर्ण स्पीकर बाजारात आणला त्यात बेसच्या पॅनलला सहा हजार व्होल्ट होते अन् वरच्या आवाजाच्या पॅनलला दीड हजार. हा चार्ज नुसता बसून राहतो. गाणं येते अँप्लिफायरकडून, स्पीकरच्या वायरनं, आत एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर असतो तो त्याचा व्होल्टेज वाढवून त्या दोन पत्र्यांना देतो, अन् फिल्म मधल्या मध्ये इकडं तिकडं ओढली जाते. तुमची कॉर्ड त्या रस्त्यावर कुठंच येत नाही! तिचं काम एवढंच की चार्ज थोडा गळला की तेवढा भरून काढायचा, तोही व्होल्टेज वाढवणाऱ्या डायोड-कंडेन्सरच्या शिडीतून चढून अन् पुढं मेगओमच्या (म्हणजे लाखो ओहमच्या) रेझिस्टन्समधून थेंब थेंब. म्हणजे साहेब, टाकी भरलेली आहे, नळ थेंबभरच गळतो, अन् तुम्ही मला मोटारीपासून टाकीपर्यंतचा पाइप चांदीचा विकून राह्यले.

किती करंट घेते ते पाहायला क्लॅम्प मीटर लावलं, आकडाच दाखवेना. चला, पाच वॅट धरू, झिरोच्या बल्बापेक्षा कमी. २३० व्होल्टला होतात बावीस मिलीअँप. साध्या दीड एमएमच्या दोन मीटर कॉर्डमध्ये जाऊन-येऊन चार मीटर तांबं, रेझिस्टन्स ०.०५ ओहमच्या आत, म्हणजे साध्या कॉर्डमध्ये व्होल्टेज पडते एका व्होल्टाच्या हजाराव्या भागाएवढं. तुमची कॉर्ड कितीही भारी असली तरी ती वाचवून वाचवून तेवढंच वाचवणार. अन् इकडं संध्याकाळी सगळ्या गावाचा लोड डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) आला की माझ्या मीटरवर २३० चे १७५ होतात, खांबापासून घरापर्यंत सर्व्हिस वायरला दोन जॉइंट आहेत, एक मी स्वतः काळ्या टेपनं बांधलेला. स्टॅबिलायझर आहे म्हणून निभते.

हां, ज्या इलेक्ट्रोस्टॅटिकच्या खाली वूफर (बेसचा साधा स्पीकर) अन् त्याचा स्वतःचा अँप्लिफायर बसवलेला असतो त्याची कॉर्ड जास्त करंट ओढते, तिथं अगदीच बारीक किंवा सैल कॉर्ड चालणार नाही, हे मी मान्य करतो. पण माझे स्पीकर कोणते हे तुम्हाला फोटोसकट पाठवलं होतं.

यावर तिसऱ्या फोनला तुमच्या ताई म्हणाल्या की सर, कदाचित तुमचे कान अजून ट्रेन झाले नसतील. ताई वयानं लहान असतील, त्यांना जे लिहून दिलं ते त्या वाचतात, त्यांच्यावर राग नाही. पण एवढं त्यांना सांगा की मी चालू मोटारीच्या बॉडीला स्क्रूड्रायव्हर टेकवतो, मूठ कानाला लावतो अन् सांगतो की पुढची बेअरिंग गेली का मागची. शेतकरी त्या भरवशावर पैसे मोजतो.

आता अर्थिंगचं, अन् हे सगळ्यात गंभीर आहे, आवाज गेला चुलीत. कॉर्डचा प्लग युरोपातल्यासारखा, दोन गोल पिनांचा, अर्थिंगच्या पट्ट्या बाजूला. आपल्या तीन पिनच्या बोर्डात तो बसतच नाही म्हणून तुम्ही सोबत ॲडॅप्टर दिला. मी तो उघडून पाह्यला. अर्थिंगची मोठी पिन दिसायला आहे, आत तिला काहीच जोडलेलं नाही, नुसती शोभेची. कुठं आयएसआयचा मार्क नाही. स्पीकरच्या मागच्या पत्र्याला टेस्टर लावला तर मंद मंद पेटत होता, अन् जुनी कॉर्ड लावली की विझायचा. आत हजारो व्होल्ट असलेल्या वस्तूची अर्थिंग तुम्ही सत्तावीस हजार घेऊन काढून टाकली. माझी सून रोज ओल्या फडक्यानं ती खोली पुसते.

ज्या घरघरीसाठी मी मुळात हे सगळं करून राह्यलो होतो ती शेवटी गेली कशानं सांगू का? अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकून भेगाळला होता, काळी माती, भेगा तर पडणारच. तो उकरला, कोळसा अन् मीठ टाकलं, जीआय वायर नवीन जोडली, पाणी सोडलं, अन् बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू सैल होता तो आवळला. खर्च चौदाशे. चरचर यायची ती सरकीच्या तुसाची, शेजारी जिनिंग आहे, स्पीकर बंद करून एक दिवस तसाच राहू दिला अन् व्हॅक्यूमनं जाळी साफ केली.

तर माझं म्हणणं असं की पूर्ण २७,००० रुपये परत करा अन् दोन्ही कॉर्ड तुमच्या खर्चानं घेऊन जा. दहा दिवसाची मुदत दाखवू नका, तीनशे तास तुम्हीच सांगितले, कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडंच असेल. अन् तो ॲडॅप्टर दुसऱ्या कुणाला पाठवू नका, हे पैशाच्या आधी करा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकतो अन् वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातो. २०१९ च्या कायद्यात ग्राहक राहतो तिथं केस टाकता येते अन् पाच लाखाच्या आत फी लागत नाही, म्हणजे तुमच्या वकिलाला वर्ध्याला यावं लागेल, मला आर्वीवरून एसटी आहे.

सोबत बिलाची झेरॉक्स, उघडलेल्या ॲडॅप्टरचे फोटो अन् आम्हा दोघांचे वीस नंबरचे कागद जोडले आहेत. कॉर्ड जशा आल्या तशा खोक्यात बांधून ठेवल्या आहेत. मखमलीची थैली मात्र एकच आहे, दुसरी नातीनं कंपासपेटीला घेतली अन् देत नाही, तिचे काय ते पैसे कापून घ्या.

आपला ग्राहक,
मोटार वाइंडिंगवाला
ता. आर्वी, जि. वर्धा