पंप बदलण्याआधी दोष पंपाचाच असल्याचे दाखवून देणाऱ्या वस्तादांस

आदरणीय वस्ताद,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचा, टाकीतले पेट्रोल इंजिनकडे ओढणारा पंप बदलून दिल्याबद्दल आपण ठरलेली मजुरी घेतलीत आणि व्यवहार तेथेच पुरा झाला, असे आपण मानता. मला मात्र त्या मजुरीत न बसणारे बरेच काही आपल्याकडून मिळाले आहे, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडावे म्हणून हे पत्र खुले ठेवतो आहे.

गाडीची तक्रार सांगायला सोपी आणि पकडायला अवघड होती. कोल्हापुरातल्या सपाट रस्त्यांवर ती सुरळीत चाले. पण साखरप्याहून आंबा घाट चढू लागली की दुसऱ्या गिअरमध्येही पिकअप जाई, इंजिन धापा टाकू लागे आणि एखाद्या वळणावर बंद पडे. थोडे थांबून बराच वेळ सेल्फ मारल्यावर ती पुन्हा सुरू होई आणि पुढच्या चढावर तोच प्रकार होई. एका गॅरेजमध्ये कॉइल आणि कंडेन्सर बदलून झाले, दुसऱ्या ठिकाणी पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडून जेट साफ करून झाले, आणि भेटेल त्या जाणकाराने ‘व्हेपर लॉक’, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ अडकते, एवढे सांगून पंपावर ओले फडके ठेवण्याचा सल्ला दिला. उन्हाळ्यात घाटात बोनेट उघडून पंपावर पाणी मारणारे पद्मिनीवाले आपल्या पिढीने इतके पाहिले आहेत की त्या निदानावर शंका घ्यावी असे कोणालाच वाटले नाही.

आपण बोनेट उघडण्याआधी प्रश्न विचारलेत. गाडी झटका देऊन एकदम बंद पडते की हळूहळू दम सोडत जाते, हा पहिला. ठिणगी गेली तर इंजिन क्षणात थांबते, आणि पेट्रोल कमी पडले तर ते कुरकुरत, मिसिंग मारत थांबते, हे तेव्हाच आपण समजावून सांगितलेत. दुसरा प्रश्न माझ्या आजही लक्षात आहे: फडके न घालता तेवढाच वेळ थांबून पाहिलेत का? आणि तिसरा, पावसाळ्यात पहाटे, गार हवेत घाट चढताना असे कधी झाले का? झाले होते. नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होण्याइतकी उष्णता ज्या हवेत नाही, त्या हवेतही गाडी तशीच बंद पडत असेल तर वाफेला दोष देता येत नाही, हे आपले म्हणणे इतके सरळ होते की इतके दिवस ते कोणालाच कसे सुचले नाही याचे नवल वाटले. गुण फडक्याचा नव्हता, थांबण्याचा होता.

त्यानंतर आपण पाना न उचलता इंजिनच्या तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढलीत, तेल दोन बोटांत चोळलेत आणि माझ्या नाकापुढे धरलेत. तेलाला पेट्रोलचा स्पष्ट वास होता, आणि तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली होती. डायफ्राम, म्हणजे पंपातला रबरी पडदा, फाटला की पंपातले पेट्रोल पलीकडे उतरते. ते बाहेर गळून मालकाला दिसावे म्हणून पंपाच्या अंगाला बारीक भोक ठेवलेले असते, आणि माझ्या पंपाचे ते भोक तेल-मातीने बुजलेले असल्यामुळे पेट्रोल गुपचूप इंजिनच्या तेलात मिसळत होते. तेल पातळ होऊन बेअरिंग खाल्ली गेली असती, हा त्यातला मोठा धोका. घाटात बंद पडणे त्यापुढे किरकोळ म्हणायचे.

एवढ्यावरच पंप बदलायला घेतला असता तरी मी आपल्याला नावाजलेच असते. आपण मात्र कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून काचेच्या बाटलीत सोडलीत, ठिणगी उडू नये म्हणून कॉइलची तार सोडवलीत आणि मला सेल्फ मारायला सांगितलेत. पेट्रोलची धार ठोक्याठोक्याने, भरीव पडायला हवी होती; ती बारीक होती आणि तिच्यात बुडबुडे होते. बुडबुडे म्हणजे पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला कुठेतरी हवा ओढली जात आहे, आणि तसे असेल तर नवा पंपही तीच हवा ओढील. म्हणून आपण टाकीची लाइन बाजूला ठेवून पंपाला एका छोट्या डब्यातून नव्या नळीने पेट्रोल दिलेत. बुडबुडे थांबले, धार मात्र बारीकच राहिली. शेवटी पंपात पेट्रोल येते त्या तोंडावर बोट धरून पाहिले, तर ओढ जाणवे आणि लगेच सुटे; म्हणजे व्हॉल्व्हही धरत नव्हते. अशा पंपाचा दाब दर चौरस इंचाला साधारण 3 ते 4 पौंड असावा. आपल्या गेजचा काटा 1 च्या आसपास घुटमळत होता. टाकीकडच्या रबरी सांध्याला पडलेली चीर आणि थकलेला पंप, असे दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते. सपाटीवर 1089 सीसीच्या इंजिनला लागणारे थोडे पेट्रोल हा पंप पुरवू शके. चढावर मागणी वाढली की कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, रिकामे होई. सगळ्या तक्रारीचा उलगडा त्या एका वाक्यात झाला.

पंप उघडल्यावर कडक झालेला, मधल्या चकतीभोवती तडकलेला डायफ्राम दिसला, तेव्हा मी पेट्रोलमधल्या इथेनॉलवर खापर फोडू लागलो. देशात 2022 च्या जूनमध्ये मिश्रण सरासरी 10 टक्क्यांवर पोहोचले आणि 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला येऊ लागले. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, हे खरेच आहे. (ज्या उसाचे बिल मी दरवर्षी आनंदाने घेतो, त्याच उसाचे हे इथेनॉल, हे आपण हसत सुनावलेत.) पण इथेनॉल नसते तरी एवढ्या वर्षांचा डायफ्राम आज ना उद्या गेलाच असता, असेही आपण त्याच दमात म्हणालात. कारण सापडले म्हणून त्याच्यावर वाजवीपेक्षा जास्त ओझे न टाकण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते.

बाजारात मिळणाऱ्या पंप-दुरुस्तीच्या किटमधले रबर कोणत्या प्रतीचे आहे याची खात्री नव्हती आणि जुन्या पंपाची कडही किंचित वाकली होती, म्हणून पंप नवाच घ्यायचा ठरला. दुकानदाराने दिलेला पहिला पंप आपण जुन्याशेजारी ठेवून त्याच्या आर्मची, म्हणजे पंप हलवणाऱ्या दांड्याची, लांबी आणि वाक पाहिलात आणि परत पाठवलात. इंजिनमधला फिरता कॅमशाफ्ट त्या आर्मला किती ढकलतो यावर पंपाचा सगळा जोर असतो, आणि पंप आणि इंजिन यांच्या मधला बेकलाइटचा तुकडा व त्याची पॅकिंग जाड झाली तर दाब कमी पडतो, पातळ झाली तर डायफ्राम जास्त ताणला जातो, हे मला तेव्हा कळले. आधीच्या कोणीतरी तेथे पुठ्ठ्याची दुहेरी पॅकिंग घातली होती. ती आपण काढलीत, इंजिन हाताने फिरवून आर्मवरचा भार उतरवलात आणि दोन्ही नट आलटून पालटून आवळलेत. टाकीपासूनच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. आणि तेल बदलल्याशिवाय स्टार्टर मारू दिला नाहीत.

इलेक्ट्रिक पंपाचा विचार माझ्या डोक्यात होता, आणि तो विकण्यात आपला फायदाच होता. तरी आपण नको म्हणालात. त्याचा दाब आवरायला रेग्युलेटर हवा, नाहीतर कार्बोरेटरची पेट्रोल अडवणारी सुई ढकलून पेट्रोल ओव्हरफ्लो होते. शिवाय अपघातात इंजिन थांबले तरी चावी चालू असेपर्यंत तो पंप पेट्रोल ढकलत राहतो, त्यासाठी वेगळी कटऑफ यंत्रणा बसवावी लागते. इंजिनबरोबर थांबणारा साधा पंप या गाडीला पुरे आहे, असे आपले मत पडले. मला ते पटले, आणि पटले नसते तरी ते प्रामाणिक होते.

काम झाल्यावर गाडी माझ्या हाती देऊन मोकळे न होता आपण स्वतः शेजारी बसून पन्हाळ्यापर्यंत आलात, चढावर मुद्दाम वरच्या गिअरमध्ये गाडी दमवायला लावलीत आणि वर पोहोचल्यावर पुन्हा एकदा सांधे हाताने चाचपून पाहिलेत. त्या फेरीचे पैसे आपण घेतले नाहीत. त्याबद्दल वाद घालण्याची सोयही आपण ठेवली नाहीत.

गाडी त्यानंतर आंबा घाट भर दुपारी, चार माणसे आणि सामान घेऊन चढली आहे. आपण सांगितल्याप्रमाणे डिपस्टिकचा वास मी नियमाने घेतो. तेलात पेट्रोल नाही, पातळीही वाढलेली नाही. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा व्हील सिलिंडर मात्र थोडा ओला दिसतो आहे. दिवाळीनंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात आपली गर्दी कमी झाली की गाडी घेऊन येतो. प्रश्न आधी आपणच विचारावेत, उत्तरे मी तयार ठेवतो.

आपला कृतज्ञ,
एक पद्मिनीवाला