स्वर चढला म्हणजे काय वाढलं?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला ‘कृष्णविवराचं गाणं’ हा लेख वाचला. मोठ्यानं वाचला, कारण माझी धाकटी बहीण जन्मांध आहे आणि रोजचं वर्तमानपत्र मी तिला वाचून दाखवते. विषय तिच्या जिव्हाळ्याचा: दुर्बिणीतल्या आकड्यांचे आवाज करून आकाश ऐकवणं. लेख संपल्यावर ती म्हणाली, “ताई, स्वर चढला म्हणजे काय वाढलं, तेवढं परत वाच ना.” मी लेख दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिला. ते त्यात नव्हतंच. ‘अंगावर काटा’, ‘विश्वाचा नाद’, ‘गूढ’ हे शब्द मात्र जागोजागी होते.

ही किरकोळ चूक नाही. दुर्बिणीतून आकडे येतात, आवाज येत नाही. कुठल्या आकड्याला कुठला स्वर द्यायचा, हे माणसं बसून ठरवतात. २०२० मध्ये नासाच्या ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या चमूनं आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचं चित्र ऐकवलं. त्यात चित्र डावीकडून उजवीकडे सरकतं. वरच्या बाजूचा प्रकाश उंच स्वरात येतो आणि प्रकाश जितका प्रखर तितका आवाज मोठा. एकेकटे तारे सुटे स्वर होऊन येतात, पसरलेले वायूचे ढग लांबत जाणारा सूर होऊन. एवढं सांगितलं की माझी बहीण चित्र ‘पाहू’ लागते. उजवीकडे आवाज दाटून आला तेव्हा ती आपणहून म्हणाली, “केंद्र आलं.” मी तोवर काहीच सांगितलं नव्हतं.

पर्सियस या दीर्घिकासमूहाची, म्हणजे अनेक आकाशगंगांच्या पुंजक्याची, गोष्ट निराळी, आणि लेखात नेमका तिथेच घोळ आहे. तिथला आवाज लेख म्हणतो तसा ‘खुद्द कृष्णविवराचा आवाज’ नव्हे. त्या दीर्घिकासमूहात तापलेला वायू भरलेला आहे. मधल्या कृष्णविवरामुळे त्यात दाबाच्या लहरी उठतात, त्या २००३ मध्ये सापडल्या. एक आंदोलन पूर्ण व्हायला जवळपास एक कोटी वर्षं लागतात. २०२२ मध्ये त्या लहरी ५७ आणि ५८ सप्तकं वर चढवल्या, तेव्हा कुठे माणसाच्या कानाला लागल्या. म्हणजे इथे मुळात खरोखरची ध्वनिलहर आहे, आणि आकाशगंगेच्या केंद्राच्या बाबतीत प्रकाशाचा आवाज केलेला आहे. तुमच्या लेखात दोन्ही एकाच वाक्यात बसवले आहेत.

मला इतका राग का आला, तेही सांगते. गेल्या वर्षी अशाच एका प्रदर्शनाला आम्ही दोघी गेलो होतो. ‘अंतराळ ऐका, अंतराळ स्पर्शा’ असं जाहिरातीत होतं. आठवडाभर ती त्याच दिवसाची वाट पाहत होती. आत हेडफोन होते. तिनं तिथल्या स्वयंसेवकाला हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “मॅडम, समजून घेऊ नका, फक्त अनुभव घ्या.” पुढच्या दालनात कॅसिओपिया ए या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाची त्रिमितीत छापलेली प्रतिकृती होती, काचेच्या पेटीत. मी विनंती केली तेव्हा उत्तर मिळालं, “हात लावल्यानं खराब होते.” ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या आकड्यांवरून अशा प्रतिकृती छापण्याच्या फाइल कुणालाही मोफत मिळतात. तुटली तर दुसरी छापता येते. बहिणीनं काचेवर तळवा टेकवला, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, “चल, जाऊया.” परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही.

प्युर्तो रिकोच्या वांडा दियाझ-मर्सेड यांचं नावही लेखात नाही, याचं फार वाईट वाटलं. तरुणपणी दृष्टी गेल्यावर त्यांनी आकडे कानानं वाचायचं ठरवलं आणि गॅमा किरणांच्या स्फोटांवर संशोधन केलं. त्यांच्यासाठी हे आवाज म्हणजे काम करण्याचं साधन होतं. डोळसांना ते गोड लागतात, त्याला माझी हरकत नाही. मलाही आवडतात. पण ज्यांना आकाशाकडे दुसरी वाटच नाही, त्यांना निदान काय ऐकतो आहोत ते तरी कळू द्या. प्रत्येक ध्वनिफितीसोबत चार ओळी पुरेत: कुठून सुरू होतं, स्वर म्हणजे काय, आवाज वाढतो म्हणजे काय वाढतं.

जाता जाता आणखी एक. तुमच्या ई-पेपरचं प्रत्येक पान हे नुसतं चित्र असतं. बहिणीच्या फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातलं एक अक्षर लागत नाही. यासाठी मी यापूर्वी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. ती उत्तम शिकलेली आहे, तिचं ती वाचू शकते. मी घरी नसते त्या दिवशी तिचं वर्तमानपत्र तसंच पडून राहतं. अक्षरांच्या रूपातली आवृत्ती कधीपासून देणार, ते कृपया कळवावं. आणि लेखकांना विचारून तिच्या प्रश्नाचं उत्तरही याच सदरात छापावं, मी ते तिला वाचून दाखवीन.

आपली,
एक नियमित वाचक