बाबा, माळ्यावरच्या कागदांबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुमची ड्रॉइंग्ज आणि शिकवण्याचे कागद द्यायला अहमदाबादच्या आर्किटेक्चरच्या आर्काइव्हला मी हो कळवून टाकलंय. दिवाळीनंतर त्यांची दोन माणसं येतील, माळ्यावरचं आणि मागच्या खोलीतलं बघून यादी करतील आणि घेऊन जातील. देणगीपत्रावर सही तुमचीच लागते, माझी चालत नाही. म्हणजे तुम्हाला अजूनही नाही म्हणता येईल. म्हणू नका.

रागावण्याआधी पुढचं वाचा. सोसायटी पुनर्विकासाला जातेय ती काही माझ्या हातातली गोष्ट नाही. भाड्याचा फ्लॅट चांगला आहे, लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना पायऱ्या नाहीत, बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, पेपरवाला आपलाच राहणार आहे. पण माळा नाही. ड्रॉइंगच्या एवढ्या नळ्या पलंगाखाली सरकवून तीन वर्षं काढायची, आणि बिल्डरची तीन वर्षं म्हणजे किती ते तुम्हीच मला सांगत आलात.

शिवाय कागद थांबायला तयार नाहीत. गणपतीत आले होते तेव्हा मेणवलीच्या वाड्याची गुंडाळी उघडली. ट्रेसिंगचा कागद पापडासारखा झालाय, कडेचा तुकडा उत्तर दिशेच्या बाणासकट माझ्या हातात आला. तो मी पाकिटात घालून गुंडाळीतच ठेवलाय. जिथे जिथे सेलोटेप लावली होती तिथे तपकिरी डाग पडलेत. अमोनिया प्रिंट तर इतक्या फिक्या झाल्यात की काही शीटवर फक्त तुमची लाल पेन्सिल उरलीय, खालचं ड्रॉइंग गेलं. आणि पानशेतच्या पुरानंतर नारायण पेठेत काय काय सापडलं नाही ते मी तुमच्याकडूनच ऐकलंय. आजोबांच्या वह्यांचा विषय निघाला की तुम्ही अजून उठून गॅलरीत जाता.

तुम्ही म्हणाल, मी काही दोशी-कानविंदेंसारखा मोठा आर्किटेक्ट नाही. हे मीच आर्काइव्हवाल्यांना सांगून पाहिलं. बाबांनी बांधलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी आयुष्य स्टुडिओत मुलांची शीटं तपासण्यात गेलं, असं. तिथल्या बाई म्हणाल्या, तेच तर हवंय. बांधलेलं उभं राहतं, त्याचे फोटो निघतात, नकाशे महापालिकेत तरी सापडतात. पण वर्गात काय शिकवलं, पहिल्या वर्षाला पहिला अभ्यास कोणता दिला, मुलांची कामं तपासणाऱ्या ज्युरीत कशावरून भांडणं झाली, हे कोणी जपत नाही. क्लॉड बॅटलींनी मुंबईच्या जे.जे. आर्किटेक्चर कॉलेजात मुलांना जुन्या इमारती टेपने मोजायला लावलं, ती शिस्त तुमच्या मास्तरांकडून तुमच्याकडे आली आणि तुम्ही ती वाई, मेणवली, विश्रामबागवाडा अशी आमच्या सगळ्या सुट्ट्यांमध्ये नेलीत. त्या साखळीची ही मधली कडी त्यांना कुठेच कागदावर मिळत नाहीये. तुमच्याकडे प्रत्येक वर्षाचा असाइनमेंटचा कागद आहे, सायक्लोस्टाइलचा, मागे तुमची टिपणं. बाई ते बघून गप्पच झाल्या. (मी फोटो पाठवले होते. हो, न विचारता.)

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची सहा हजारांहून जास्त ड्रॉइंग्ज लंडनला रिबाकडे, तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेकडे गेली तेव्हा तुम्ही जेवताना ताट सरकवलं होतंत, आपल्याकडे कोणाला जागा नव्हती का म्हणून. आता आपल्याकडे जागा आहे असं कोणी म्हणतंय तर तुम्हीच अडून बसलात.

किल्लारीच्या वह्यांबद्दल मात्र वेगळं लिहायला हवं. त्या द्यायच्या की नाही हे मी ठरवलेलं नाही, ते तुमचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तुम्ही मुलांना घेऊन गेलात आणि परत आलात तेव्हा बूट दाराबाहेर काढून तसेच ठेवलेत, आईने ते किती तरी दिवस आत घेतले नाहीत. वह्या मी पहिल्यांदा आत्ता वाचल्या. गावागणिक घरं काढलीत. दगड-मातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, आतला थर आणि बाहेरचा थर यांना धरून ठेवणारा एकही आडवा दगड नाही, वर मातीचं जड माळवद. भिंती फाटून माणसांवर आल्या, आणि आत लाकडी खांब-तुळयांचे खण कितीतरी ठिकाणी उभेच. एका पानावर नुसती खणाची चौकट काढलीय, तिला खुंटीवर अडकवलेली पिशवीसुद्धा. पुढे नव्या गावांचे सरळ रेषेतले आखीव प्लॉट आले तेव्हा तुम्ही समासात लिहिलंय, "ओटा कुठे? शेजार कुठे?" बाबा, हे वाचायला मला आर्किटेक्ट असावं लागलं नाही. मी अकाउंट्सला गेले म्हणून तुम्ही कधी बोलला नाहीत, पण तेव्हा वह्या दाखवल्याही नाहीत.

मला आठवतं ते तुमच्या टेबलाखालचं. वर टी-स्क्वेअर सरकण्याचा आवाज, अमोनियाचा वास, आणि चुकलेली शाईची रेघ तुम्ही अर्ध्या ब्लेडने खरवडायचात तो खरखर आवाज. त्यावर मग नख घासून कागद गुळगुळीत करायचात. ट्रेसिंगचे उरलेले तुकडे माझे. मी तिथेच झोपायचे आणि सकाळी पलंगावर असायचे.

आई, आता तुझ्यासाठी. काहीही आवरू नकोस. अगदी काहीही. त्या बाईंनी बजावून सांगितलंय की कागद ज्या क्रमाने, ज्या पिशवीत, ज्या सुतळीत आहेत तसेच हवेत, कारण माणसाने काय कशाशेजारी ठेवलं यावरूनही त्यांना कळतं. गंजलेल्या टाचण्या ते काढतील, तू काढू नकोस. झुरळांचं औषध मारू नकोस. आणि प्रिंटांच्या पाठीवर तू लिहिलेल्या याद्या, दळण, रिन, गॅसचा नंबर लावला, त्या खोडून वगैरे टाकू नकोस, त्या त्यांना हव्या आहेत. बाबांच्या ड्रॉइंगचा कागद घरात कसा फिरला हे त्यातून दिसतं म्हणे. तर तूही आर्काइव्हमध्ये चाललीस, रवा दोन किलोसकट.

तांब्या मात्र घरीच राहील. ईम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोंनी भारतातल्या डिझाइनवरच्या १९५८ च्या अहवालात लोट्याबद्दल लिहिलं आणि त्यापायी तुझा पितळी तांब्या दर जूनमध्ये कॉलेजात गेला. भरलेला कसा तोलतो, रिकामा कसा, ओतताना हात कुठे येतो, बाईच्या कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा. तू दरवर्षी म्हणायचीस, घासून परत आणा. वस्तू ते घेत नाहीत, मी विचारून घेतलंय.

बाबा, मुलांच्या मार्कांच्या वह्या आणि कोणाच्या तक्रारींचे कागद आधी बाजूला काढू, ते जाणार नाहीत. खासगी पत्रं तुम्ही सांगाल तेवढीच. कागद त्यांचे झाले तरी छापण्याचे हक्क तुमचेच राहतील, तसं लिहून घेतलंय. सगळ्याचं स्कॅन होऊन आपल्याला मिळेल, मोठ्या स्क्रीनवर तुम्हाला भिंगाशिवाय दिसेल. आणि मूळ कागद बघावेसे वाटले तर कधीही जाता येईल, मी नेईन. तुम्ही सत्तरच्या दशकात ज्युरीला जायचात तो दोशींनी बांधलेल्या कॉलेजातला स्टुडिओ, तो उतार, ती कडुलिंबं, सगळं बघून येऊ. आई साड्या बघेल.

खरं कारण शेवटी लिहितेय. ठाण्याचे काका गेले तेव्हा त्यांची मुलं चार दिवसांची रजा काढून आली होती. काकांची ड्रॉइंग्ज रद्दीत किलोवर गेली. त्या मुलांना मी नावं ठेवत नाही, त्यांना काय कळणार होतं त्यातलं. मलाही कळणार नाही. प्रत्येक गुंडाळी कोणती, कोणत्या सालची, कोणत्या मुलाने काढलेली, हे सांगायला तुम्ही शेजारी खुर्चीत बसलेले हवेत, चहा पीत, त्या बाईंना चुका दाखवत. तुम्हाला निरोप द्यायची घाई आहे असं कृपा करून समजू नका.

तोवर स्टुलावर चढायचं नाही. माळ्याकडे बघायचंसुद्धा नाही, धुळीने पुन्हा दम लागला तर मी रजा टाकून येईन आणि बडबड करेन. बीपीची गोळी सकाळचीच, "जेवल्यावर घेतो" चालणार नाही. कोणी जुना विद्यार्थी 'सर, एकच शीट नेतो' म्हणत आला तर आईने दारातूनच चहा पाजून परत पाठवावं.

देणगीपत्राचा मसुदा सोबत जोडलाय, मराठीत करून घेतलाय. लाल पेन्सिल घेऊन बसा, काय हवं ते खोडा. रविवारी दुपारी फोन करते, तेव्हा फोन आईकडे द्यायचा नाही.

तुमची,
मनी

ता. क. मेणवलीची गुंडाळी कोणाला दाखवायला म्हणून उघडू नका. आणि उघडलीत तर सेलोटेप लावू नका.