हॉप्सची ओळख करून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागले की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. सिएटलला आल्यावर घरी बिअर करून पाहावी असे मनात आले, तेव्हा विचारावे असे जवळचे कोणी नव्हते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे लोणच्या-पापडांचे प्रमाण जसे आईकडून, आजीकडून हाती येते, तसे हे प्रमाण घरातून मिळण्याची सोयच नव्हती.

माझा पहिला घाणा १९ लिटरचा होता. कृतीत ५६ ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची बोंडे, लिहिले होते. ते दुकानात संपले होते, म्हणून मी तेवढ्याच वजनाचे मॅग्नम या दुसऱ्या जातीचे हॉप्स आणले आणि सगळे उकळीच्या सुरुवातीलाच पातेल्यात टाकले. पाच आठवड्यांनी बाटली उघडली, तर पहिल्याच घोटाला जीभ आखडली. उरलेल्या बाटल्या ओतून देण्याच्या तयारीत मी होतो, तेव्हा आपण एक पेला मागून घेतलात, तो शेवटपर्यंत प्यायलात आणि चवीबद्दल अवाक्षरही न काढता विचारलेत, "हॉप्सचे पाकीट ठेवले आहेस का?"

त्या पाकिटावर कडवटपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचे प्रमाण १२.५ टक्के छापलेले होते आणि मी ते वाचलेही नव्हते. आपण पाकिटाच्याच मागे पेन्सिलीने हिशेब मांडलात: कॅस्केड साधारण ५.५ टक्क्यांचे, त्याचे ५६ ग्रॅम म्हणजे गुणाकार ३०८, त्याला १२.५ ने भागले की मॅग्नम पंचवीस ग्रॅमही लागत नाही. मी दुपटीहून अधिक कडवटपणा घातला होता. जातीचे नाव पाहण्याआधी हा आकडा पाहायचा आणि तो दरवर्षीच्या पिकागणिक बदलतो म्हणून प्रत्येक पाकिटावर नव्याने पाहायचा, ही सवय त्या दिवशी लागली. ते पाकीट मी अजून जपून ठेवले आहे.

त्यानंतर आपण विचारलेत, "काकू बासुंदीत वेलची केव्हा घालतात?" गॅस बंद केल्यावर, असे मी म्हणालो आणि पुढचे बरेचसे आपोआप उलगडले. हॉप्समधल्या अल्फा आम्लांचे रूप तासभराच्या खळखळत्या उकळीत बदलते आणि त्या बदललेल्या रूपातूनच बिअरला तिचा कडवटपणा मिळतो. सुगंधी तेले मात्र त्याच उकळीत वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स आधी आणि वासासाठीचे शेवटी. इतके सरळ कारण मला तोवर कोणीच सांगितले नव्हते.

मला चार-पाच जाती एकदम घेऊन पाहायच्या होत्या, आपण मात्र तीन घाणे फक्त कॅस्केडवर करायला लावलेत. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) तेच, यीस्ट तेच, बदलायची ती केवळ वेळ: पहिल्या घाण्यात सगळे साठ मिनिटे उकळायचे, दुसऱ्यात निम्मे शेवटच्या दहा मिनिटांत घालायचे आणि तिसऱ्यात त्याखेरीज २८ ग्रॅम, बिअर आंबून शांत झाल्यावर, चार दिवस तसेच भिजत ठेवायचे. तेव्हा मला हे फार संथ वाटले होते. आज तिन्ही घाण्यांची चव आठवणीने वेगवेगळी सांगता येते, आणि नवशिक्याला याहून चांगला अभ्यास असेल असे मला वाटत नाही.

प्रत्येक वेळी आपण हॉप्स दळून, दाबून केलेल्या दोन-चार गोळ्या माझ्या तळहातावर ठेवून चोळायला लावायचात. हात पिवळसर, चिकट व्हायचे आणि पपनसाची साल नुकतीच सोलल्यासारखा वास यायचा. एकदा एका जुन्या, उघड्या राहिलेल्या पाकिटातल्या गोळ्या दिल्यात; त्यांना जुनाट चीजचा दर्प होता. हवाबंद करून फ्रीझरमध्ये का ठेवायचे, हे मग वेगळे सांगावे लागले नाही.

सप्टेंबरात आपण मला कॅस्केड पर्वत ओलांडून हॉप्स पिकवणाऱ्या याकिमाच्या खोऱ्यात घेऊन गेलात. पाच-साडेपाच मीटर उंच तारांवर चढलेल्या त्या वेलींमध्ये शिरताच आपण थबकलात आणि म्हणालात, "हा तर आमचा पानमळाच." मिरजेकडच्या आपल्या मळ्यातली शेवग्या-शेवरीवर चढवलेली पानवेल आपल्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावी. एक बोंड उभे चिरून पाकळ्यांच्या बुडाशी असलेली ती पिवळी भुकटी आपण दाखवलीत आणि सांगितलेत की लागवड होते ती मादी वेलींचीच, कारण सगळा गुण या भुकटीत असतो. पुस्तकात वाचलेला 'ल्युप्युलिन' हा शब्द त्या क्षणी माझ्या नखावर होता.

सगळ्यांत मोठे ऋण मात्र वेगळे आहे. उकळलेल्या हॉप्सचा चोथा मी बागेत टाकत असे. आमचा कुत्रा तिकडे हुंगताना दिसताच आपण तो चोथा स्वतःच्या हातांनी गोळा करून झाकणाच्या कचरापेटीत टाकलात आणि सांगितलेत की कुत्र्याच्या पोटात हॉप्स गेले तर त्याचा ताप झपाट्याने चढतो, जीवही जातो. मला याची कल्पनाच नव्हती. तो आत्ता माझ्या पायाशी झोपला आहे.

पाचवा घाणा तयार झाला आहे. यात कडवटपणासाठी मॅग्नम आहे, या वेळी अकरा ग्रॅम, आणि वासासाठी शेवटी कॅस्केड. सहा बाटल्या आपल्या दाराशी ठेवल्या आहेत. काच तपकिरी असली तरी उन्हाने हॉप्सचा वास बिघडतो हे आपणच शिकवलेत, म्हणून त्या पायरीच्या सावलीतल्या बाजूला, पोत्याखाली झाकून ठेवल्या आहेत.

आपला कृतज्ञ,
पलीकडच्या गल्लीतला शेजारी