घर सोडताना होणारी सफाई-दुरुस्तीची कपात

सर्व सभासदांना नमस्कार,

भाड्याचं घर सोडत असाल तर सामान हलवल्यावर, किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. ओट्याखालचा कप्पा, खिडकीच्या खाचा, बाथरूमच्या फरशांमधल्या फटी सोडू नका. वाद नेमका तिथेच होतो. मालकांसोबत पाहणी करून दोघांच्या सह्यांची नोंद ठेवा.

उन्हानं फिका पडलेला रंग ही रोजच्या वापराची झीज. फुटलेलं बेसिन मात्र नुकसान, त्याचे पैसे द्यायलाच हवेत. अनामतीतून कपात झाली तर कामवार बिल मागा. ‘सफाई खर्च’ एवढ्या मोघम ओळीवर गप्प बसू नका. भिंतींना रंग कधी दिला होता तेही विचारा. 5 वर्षांच्या जुन्या रंगासाठी नव्याचे पूर्ण पैसे मागणं मला तरी रास्त वाटत नाही.

राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर आजच शोधून ठेवा.