सुध्या, गाडी द्यायची नाही

ठाणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

"गिऱ्हाईक मिळालंय, देऊन टाकू" हा तुझा मेसेज वाचला आणि मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतोस. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. गाडी द्यायची नाही. नानांची महिंद्रा आता तापत नाही.

परत वाच हवं तर. काल भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, मुरबाडमार्गे माळशेज चढलो. पक्याच्या लग्नाला जाताना ज्या वळणावर आपण बॉनेट उघडून वऱ्हाडाच्या कपड्यांत बसलो होतो, तिथून दुसऱ्या गिअरमध्ये सरळ वर गेलो. काटा ९०च्या आसपास, हलला नाही. मला ओरडावंसं वाटलं. शेजारी पक्याच होता, पण तो घोरत होता. हे ज्याला कळेल असा माणूस बंगळुरूला बसून गाडीचा भाव ठरवतोय!

घरचं ठीक. आईचे गुडघे होते तसेच, माझी साखर आटोक्यात.

आता नीट ऐक. मूळचं प्यूजो इंजिन काढून टोयोटा क्वालिसचं टू-एल इंजिन बसवलं, तेव्हापासून ही तापतेय. तुझं ठरलेलं वाक्य: २११२ सीसीच्या जागी २४४६ सीसी आलं, रेडिएटर जुना, तापणारच. म्हणून तर आपण मोठा रेडिएटर घातला. तरी तापली. मग तू म्हणालास इंजिनच खराब, आणि टोकावड्याच्या टपरीवर आपलं जे भांडण झालं ते अख्ख्या गावाने ऐकलं. मी तेव्हाही म्हणत होतो की हा रोग इंजिनाचा नाही, जोडणीचा आहे. इंजिन टोयोटाचं, रेडिएटर बाजारचा, मीटर महिंद्राचा, यांची एकमेकांशी ओळखच कुणी करून दिली नव्हती.

पहिला संशय मीटरवर. डॅशवरचा काटा जुन्या सेन्सरच्या हिशोबाचा आणि सेन्सर क्वालिसचा. दोघांचा मेळ नसेल तर तो दाखवेल ते खरं कशावरून? म्हणून वेगळा मेकॅनिकल गेज लावला आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटचं (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचं) हाउसिंग तपासलं. डॅशचा काटा थोडा जास्तच दाखवत होता, पण गाडी खरंच तापत होती. नव्या गेजवर ११०च्या वर गेलेलं मी स्वतः पाहिलं, कासारवडवलीच्या गर्दीत. रेडिएटरचं झाकण ०.९ बारचं आहे, तेवढ्या दाबाखाली पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून वाफ दिसली नाही. झाकणाचं रबर गेलेलं असतं तर तिथेच कारंजं उडालं असतं.

मग मी एकच गोष्ट धरून बसलो: ती तापते कधी? गाडी जागच्या जागी रांगताना तापली तर वाऱ्याचा प्रश्न, मोकळ्या रस्त्यावर वेगात तापली तर पाण्याच्या फिरण्याचा किंवा रेडिएटरच्या ताकदीचा. आपली दोन्हीकडे तापायची. म्हणजे दुखणी दोन, आणि आपण वर्षानुवर्षं एकच औषध शोधत होतो.

वेगातलं दुखणं थर्मोस्टॅटचं निघालं. इंजिन बसवणाऱ्या गॅरेजवाल्याने तो काढून फेकला होता, आणि "मुंबईत थंडी कुठे असते" म्हणून तू त्याला दुजोरा दिला होतास, ते मी विसरलेलो नाही. अरे, या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. पाणी तापून वरची झडप उघडली की ती चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा. तापलेलं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरून पुन्हा इंजिनात! नवा ८२ अंशांचा आणला आणि बसवण्याआधी चहाच्या पातेल्यात दोऱ्याने टांगला, बाजूला थर्मामीटर. आधी काहीच नाही. मग ८२च्या आसपास झडपेच्या कडेने केसाएवढी फट दिसली, आणि ९५ला चांगली आठेक मिलिमीटर उघडली. आई शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "नाना असते तर खुर्ची टाकून बसले असते." ते पातेलं आता गाडीचंच झालंय, घरात परत घ्यायला ती तयार नाही.

याने मोकळा मुरबाड रोड सुधारला, घोडबंदरची गर्दी नाही. गायमुखला ट्रॅफिक थांबला की काटा पुन्हा चढायचा.

मग वर्तमानपत्राचा कागद घेतला. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या पुढच्या अंगाला लावला. खाली, मधोमध तो चिकटून बसला. वरच्या कोपऱ्यांत धरला तर सुटून पायाशी पडला. वाकून पाहिलं तर पंख्याचा मध्य रेडिएटरच्या मध्याच्या बराच खाली, आणि काऊल, म्हणजे पंख्याभोवतीचं पत्र्याचं वेष्टन, नाहीच. रेडिएटरच्या वरच्या जाळीतून वारा ओढलाच जात नव्हता. मोठा रेडिएटर घालून आपण न वापरलेली जाळी तेवढी वाढवली होती.

पंख्याची व्हिस्कस कपलिंगही (गरम झाली की पंख्याला इंजिनाबरोबर जोरात फिरवणारी जोडणी) मेलेली. गरम इंजिन बंद करून पातं बोटाने ढकललं तर ते सुटं गरगर फिरत राहिलं. गरम असताना ते जड लागायला हवं. कपलिंगच्या पुढच्या तोंडावर मधल्या छिद्रापासून कडेपर्यंत काळपट चिकट रेघा, त्यावर धूळ बसलेली. आतलं सिलिकॉन तेल केव्हाच गळून गेलं होतं.

नवी कपलिंग घातली. वागळे इस्टेटमधल्या एका पत्रेवाल्याकडून काऊल बनवून घेतला. तो आधी हसला, मग कागदाचा प्रयोग दाखवला तेव्हा स्वतःच मापं घ्यायला लागला. पूर्ण जाळी झाकणारा, पाती अर्धी आत अर्धी बाहेर, कडेने बोटभर जागा. रेडिएटरच्या बाजूच्या फटींत फोम, नाहीतर गरम वारा तिथूनच वळून पुढे येतो. राहिली पाण्यात अडकणारी हवा. थर्मोस्टॅटचं हाउसिंग रेडिएटरच्या वरच्या टाकीपेक्षा उंच आहे, त्यामुळे तिथे हवा अडकायची. सोसायटीच्या उतारावर नाक वर करून उभी केली आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत बसलो. वॉचमन दर पाच मिनिटांनी "झालं का साहेब?" विचारत होता.

आणि तरीही मला झोप नव्हती, सुध्या. इतकी वर्षं तापली, इंजिनाचं हेड (वरचा, झडपांचा भाग) वाचलं असेल का? या इंजिनांची हेडं तापून व्हॉल्व्हांच्या मधे तडकतात. तसं निघालं असतं तर तुझंच म्हणणं खरं ठरलं असतं आणि मी गप्प गाडी देऊन टाकली असती. रेडिएटरच्या तोंडावर गॅस टेस्टची नळी लावली. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर आतल्या निळ्या द्रावाचा रंग बदलतो. इंजिन पूर्ण तापवलं, रेज केलं, थांबलो. निळा तो निळाच. मग माळशेज.

नानांनी ती शेवटपर्यंत स्वतः धुतली. गिऱ्हाईक तिला रंग मारील, रुंद टायर लावील आणि पहिल्या पावसात येऊरला चिखलात घालील. मला ते बघवणार नाही, आणि तुलाही बघवणार नाही हे मला माहीत आहे. तापते म्हणून विकतोस असं तू लिहिलंयस. ते कारण आता उरलं नाही. दुसरं असेल तर सरळ लिही, पैशाचं असेल तर तेही. तुझ्या वाट्याचे पैसे मी देतो, पण ती ठाण्यातच राहील.

चिमीच्या दहावीचं कळलं, तिला शाब्बास सांग. नव्या हुद्द्याचं अभिनंदन, पेढे उधार.

आरसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे, पाच वर्षांसाठी. त्याच्या अर्जावर, फॉर्म २५वर, तुझी सही लागेल, कुरियरने पाठवतोय. त्या गिऱ्हाइकाला उद्याच नाही म्हणून कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या